लाल करून सरळ केलेला रॉड

वाचकाचं पत्र: माझ्याकडे चासीवर बांधलेली जुनी, जीपच्या घाटाची गाडी आहे. महिन्यापूर्वी पुढचं चाक खड्ड्यात जोरात आदळलं आणि स्टेअरिंग एका बाजूला ओढायला लागलं. आमच्या मिस्त्रींनी खाली शिरून पाहिलं तर ड्रॅग लिंक (स्टेअरिंगची हालचाल चाकाकडे नेणारा रॉड) वाकली होती. नवी पटकन मिळेना, म्हणून त्यांनी ती गॅसवर लाल करून सरळ केली आणि बाक आला होता तिथे वरून सळईचा तुकडा वेल्ड करून ‘डबल मजबूत’ करून दिली. तीन आठवडे गाडी झकास चालते आहे. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो मात्र त्या गाडीत बसायला तयार नाही. मिस्त्री म्हणतात, वेल्ड मूळ लोखंडापेक्षा पक्कं असतं. आता दुसऱ्या बाजूचा टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या रॉडच्या टोकाचा सांधा) बदलायचाय, तो निघत नाहीये, तर तो जिथे बसतो तो स्टब ॲक्सलचा (चाक ज्यावर फिरतं त्या भागाचा) डोळा गॅसने तापवू का, असं ते विचारतायत. वीस वर्षांचा संबंध आहे, त्यांना दुखवायचं नाही. काय करावं?

उत्तर:

आधी एक करा. गाडी आहे तिथे उभी करा आणि किल्ली मुलाकडे देऊन टाका. बाकीचं सावकाश वाचा.

तुमच्या मिस्त्रींनी हयगय केलेली नाही. त्यांनी मेहनतच केली, आणि तीच इथे नडली. बंपरचा ब्रॅकेट, सायलेन्सरचा हँगर, मडगार्डची पट्टी असल्या गोष्टींवर हीच मेहनत घेतली असती तर मी त्यांचं कौतुक केलं असतं. ते भाग साध्या, कमी कार्बनच्या लोखंडाचे असतात. त्यांच्यात कार्बन ढोबळमानाने 0.15 ते 0.25 टक्के. तापवा, ठोका, टाका मारा, ते फारसं मनावर घेत नाही. स्टेअरिंगचे भाग मात्र वेगळ्या जातीचे. ड्रॅग लिंक, टाय रॉड, पिटमन आर्म (स्टेअरिंग बॉक्समधून निघणारा दांडा), स्टेअरिंग आर्म, स्टब ॲक्सल हे बहुधा मध्यम कार्बनच्या किंवा क्रोम-मॉलिब्डेनमच्या पोलादाचे, त्यातले बरेचसे घडीव. कार्बन 0.4 टक्क्यांच्या आसपास. आकड्यात फरक एवढासा दिसतो, पण गॅसच्या ज्योतीखाली तोच फरक सगळा खेळ बदलतो.

आपल्याकडे कोयत्याला, पहारीला ‘पाणी देणं’ म्हणतात ना, तेच कारखान्यात या भागांना देतात, फक्त मोजूनमापून. साधारण 850 अंश सेल्सिअसला तापवून तेलात किंवा पाण्यात विझवायचं, म्हणजे ते कडक पण ठिसूळ होतं. मग पुन्हा 550 ते 650 अंशांच्या दरम्यान ठरावीक वेळ ठेवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. उरतं ते चिवट पोलाद, जे दणका बसला तर वाकतं, पण सहजी तुटत नाही. तुमची ड्रॅग लिंक खड्ड्यात वाकली, तुटली नाही, ती याच चिवटपणामुळे. तिने तुमचा जीव वाचवला म्हणायला हरकत नाही. आणि त्याबद्दल तिला आपण काय दिलं, तर तो चिवटपणाच काढून घेतला.

लाल करताना काय होतं ते सांगतो. शेडच्या सावलीत पोलाद मंद लाल दिसायला लागतं ते सहाशे-साडेसहाशे अंशांच्या आसपास. उन्हात काम चालू असेल तर लाली आणखी उशिरा दिसते, म्हणजे मिस्त्रींना वाटतं अजून तापलं नाही आणि ते ज्योत तिथेच धरून ठेवतात. कारखान्याने शेवटी ज्या तापमानाला तो भाग ठेवला होता, त्याच्या वर गेलात की दिलेलं पाणी उतरायला लागतं आणि तेवढा तुकडा मऊ पडतो. आणखी वर, 727 अंश ओलांडले की पोलादाची आतली रचनाच पालटते. तिथून ते कसं थंड होतं यावर त्याचं पुढचं नशीब. बादलीत बुडवलं किंवा ओलं फडकं टाकलं तर काचेसारखं ठिसूळ. हवेत सावकाश थंड झालं तर मऊ. एकाच रॉडवर चार बोटांच्या अंतरात दोन्ही प्रकार सापडतात, आणि वरून रंग मारला की दोन्ही सारखेच दिसतात.

मी शिकाऊ होतो तेव्हा असाच एक स्टेअरिंग आर्म मीच सरळ केला होता. गॅसवर चेरीसारखा लाल केला, ऐरणीवर दोन घाव घातले, पट्टी लावून बघितली, केसभरही फट नाही. घाई होती म्हणून बादलीत बुडवला. चर्रर्र आवाज आला तेव्हा छाती फुगली होती. आमच्या वयस्कर फोरमनने काहीही न बोलता तो उचलला, व्हाइसमध्ये धरला आणि हातोड्याचा एक मध्यम फटका मारला. आर्मचा तुकडा फरशीवर घरंगळत गेला. तुटलेल्या तोंडावर साखरेसारखे चकचकीत दाणे होते, वाकल्याची, ताणल्याची खूण कुठेही नाही. फोरमन म्हणाले, ‘हा फटका तू मारलास की रस्त्याने, एवढाच प्रश्न होता.’ तो तुकडा मी अजून ठेवलाय. पेपर उडू नयेत म्हणून वापरतो.

आता ‘वेल्ड मूळ लोखंडापेक्षा पक्कं’ हे वाक्य. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच इतकं चालतं. चांगल्या हाताने, चांगल्या वेल्डिंग रॉडने मारलेला वेल्डचा मणी (वितळून गोठलेली रेघ) खरंच मजबूत असतो. वेल्ड केलेली सळई ओढून तोडली तर पुष्कळदा मणी शाबूत राहतो आणि तुटतं ते त्याच्या शेजारी. मिस्त्री हे मण्याच्या बाजूने पुरावा म्हणून सांगतात. मी तोच पुरावा उलटा वाचतो, कारण मला शेजाऱ्याची काळजी आहे. मण्याला लागून असलेली दोन-चार मिलिमीटरची पट्टी वितळत नाही, पण वितळण्याच्या जवळ जाते. मग आजूबाजूचं थंड, जाड लोखंड तिच्यातली उष्णता झटक्यात ओढून घेतं. बादलीत न बुडवताही ती पट्टी विझवल्यासारखी कडक आणि ठिसूळ होते. साध्या लोखंडात याचा त्रास कमी. 0.4 टक्के कार्बनवाल्यात तो हमखास.

त्यात हायड्रोजनची भर. वेल्डिंगचा रॉड दमट असेल, भागावर तेल-ग्रीस-गंज असेल तर आर्कमध्ये त्यातला हायड्रोजन सुटतो आणि पोलादात शिरतो. तो लगेच काही करत नाही. कडक झालेल्या पट्टीत जमत जातो, आणि काही तासांनी, कधी दोन दिवसांनी आतून बारीक तडा पडतो. वेल्ड करून, घासून, रंगवून गाडी दिली तेव्हा तडा नव्हताच, घरी उभी असताना पडला. म्हणून अशा पोलादाला जे रीतसर वेल्ड करतात ते आधी तो भाग दीडशे-तीनशे अंशांपर्यंत तापवून घेतात, भट्टीत सुकवलेले कमी हायड्रोजनवाले रॉड वापरतात, नंतर हळूहळू थंड करतात आणि तपासणीही पुरेशा तासांनी करतात. गाडीखाली आडवं पडून हे जमत नाही.

तुम्ही म्हणाल, कारखान्यातूनही काही स्टेअरिंगचे भाग वेल्ड केलेले येतात की. येतात. पण तिथे वेल्ड कुठे यायचा ते आराखड्यातच ठरलेलं असतं, धातू त्याला सोसेल असा निवडलेला असतो, आणि त्या पद्धतीने बनवलेले नमुने मुद्दाम तोडून पाहिलेले असतात. तुमच्या रॉडचा नमुना कोणी तोडून पाहिलेला नाही. तो रस्त्यावरच तपासला जातोय.

सळईच्या जोडतुकड्याबद्दल आणखी एक. ‘डबल’ केल्याने तेवढा भाग ताठ झाला हे खरं. पण रॉडचा बाकीचा भाग पूर्वीइतकाच लवचिक आहे. सळई जिथे संपते तिथे ताठ आणि लवचिक यांची गाठ पडते, आणि सगळा ताण त्या एका रेघेवर गोळा होतो. त्याच रेघेवर वेल्डचं टोक, त्याच रेघेवर ती ठिसूळ पट्टी. तडा जायला याहून सोयीची जागा मला सुचत नाही.

तीन आठवडे चाललं त्याचं काय? तुमच्या गाडीच्या चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरा. किलोमीटरला पाचशे फेरे. वीस हजार किलोमीटरला एक कोटी. प्रत्येक फेऱ्याला रस्ता ड्रॅग लिंकला थोडं ढकलतो, थोडं ओढतो. तार हाताने वाकवून-सरळ करून तोडतो तसंच हे, फक्त वाकवणं डोळ्यांना न दिसण्याइतकं बारीक. धातू थकतो. आधी केसाएवढा तडा, तो रोज तसूभर सरकतो, आणि उरलेला भाग भार पेलू शकेनासा झाला की एका झटक्यात तुटतो. अशा तुटलेल्या तोंडावर दोन रंग दिसतात. जुना भाग काळपट, घासून गुळगुळीत झालेला, कधी शिंपल्यावर असतात तशा रेघांचा, आणि ताजा भाग चमकदार, खडबडीत. काळपट भाग किती मोठा आहे ते पाहिलं की माणूस तडा सोबत घेऊन किती दिवस हिंडत होता याची कल्पना येते. त्या सगळ्या दिवसांत गाडी झकासच चालत होती.

आणि इतर भागांत तुटण्याआधी इशारा मिळतो. इंजिन खडखडतं, क्लच घसरतो, ब्रेकलाही बहुधा दुसरं सर्किट असतं. ड्रॅग लिंक तुटली की स्टेअरिंग हातात फिरतं आणि चाकं आपल्या मर्जीने जातात. दुसरा रस्ता ठेवलेला नाही. म्हणून बहुतेक कंपन्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत स्टेअरिंगचे भाग तापवू नका, वेल्ड करू नका, सरळ करू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. सरळ करू नका म्हणजे थंडही. गॅस न लावता प्रेसवर सरळ केला असता तरी मी तो बसवू दिला नसता. एकदा वाकून पुन्हा उलटा वाकवलेल्या जागी धातूने आपली बरीचशी पुंजी खर्चून टाकलेली असते.

मग आता काय. गाडी मेकॅनिककडे न्यायची तर चालवत नेऊ नका, आणि दोराने ओढूनही नेऊ नका. मागच्या गाडीला स्टेअरिंग लागतंच, हे घाईत लोक विसरतात. सपाट ट्रकवर चढवून न्या. ड्रॅग लिंक नवी घ्या, दोन्ही टोकांच्या बॉल जॉइंटसकट. ज्या दणक्याने तो रॉड वाकला तो दणका रॉडपाशी थांबलेला नसतो. म्हणून स्टेअरिंग आर्म, पिटमन आर्म, स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट आणि बॉक्स जिथे चासीला बसतो तिथलं पत्र्याचं कोपरं, सगळं साफ करून बघायला सांगा. शंका आली तर तडा दाखवणाऱ्या लाल रंगाची चाचणी करून घ्या: रंग लावायचा, पुसायचा, पांढरी पावडर फवारायची, तडा असेल तर लाल रेघ उमटते. पण हे लक्षात ठेवा की ती चाचणी पृष्ठभागापर्यंत आलेले तडेच दाखवते. पाणी उतरलेलं पोलाद ती दाखवत नाही, म्हणून तापवलेल्या भागाला या चाचणीवर पास करू नका.

नवी मिळतच नसेल तर मोडीत काढलेल्या तशाच गाडीची जुनी चालेल, पण डोळे उघडे ठेवून. अपघातात पुढून ठोकलेल्या गाडीची नको. काचेवर लोळवून बघा, बाक असेल तर डुगडुगते. रंगाखाली ग्राइंडर फिरल्याच्या खुणा शोधा. घासलेल्या जागी निळी-जांभळी झाक असेल तर तिला तीनशे अंशांच्या आसपासची धग लागलेली आहे. झाक नाही म्हणून लागलीच नसेल असं मात्र नाही, पॉलिश पेपरने ती दोन मिनिटांत जाते.

आता टाय रॉड एंड. मिस्त्री डोळा तापवायचं म्हणतात त्यात तर्क आहे. वीस मिलिमीटरचा डोळा दोनशे अंशांनी तापला तर भोक जेमतेम 0.05 मिलिमीटरने मोठं होतं, आणि अडकलेला टेपर (एंडच्या पिनचा निमुळता भाग) सुटायला तेवढं पुष्कळ असतं. अडचण अशी की गॅसची ज्योत तीन हजार अंशांच्या वर असते. ती दोनशेवर थांबते का नऊशेवर, हे हात आणि डोळा ठरवणार. आणि एंड भंगारात जाईल, स्टब ॲक्सल मात्र गाडीतच राहील. माझा स्वतःचा नियम साधा आहे: जे आज भंगारात जाणार आहे त्यालाच आग. जे परत बसणार आहे त्याला नाही. इथे आग लागणार ती राहणाऱ्याला. तुमच्या गाडीत नसेल, पण पुष्कळ नव्या गाड्यांमध्ये तो भाग ॲल्युमिनियमचा असतो, तिथे तर अजिबात नको. ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही. दोनशे-अडीचशे अंशांतच त्याची ताकद उतरायला लागते आणि दिसायला ते आहे तसंच राहतं.

न तापवता तो निघतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. स्प्लिट पिन काढा, नट सैल करा पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या म्हणजे एंड सुटून अंगावर येणार नाही. पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावून ताण द्या. ताण असतानाच डोळ्याच्या कडेला, बाजूने, हातोड्याचा एक करकचून फटका. पलीकडे दुसरा जड हातोडा टेकवून धरला तर अर्धं काम तोच करतो. फटका पिनच्या टोकावर मारायचा नाही, तिथे मारून फक्त आटे चेपतात. डोळा क्षणभर अंडाकृती होतो आणि टेपर ‘टक्’ आवाज करून सुटतो. तो आवाज एकदा ऐकला की माणूस गॅस विसरतो. नुसतं हातोड्यानं ठोकत बसू नका, ताण आधी हवा. लॉकनट जाम असेल तर तो फोडून काढायचं हत्यार मिळतं. नट नवा येतो, रॉडचे आटे वाचतात.

शिवाय एंडवर ज्योत धरायची म्हटली तरी आत बंदिस्त ग्रीस असतं. ते तापून फुगतं आणि रबरी बूट फोडून उकळत बाहेर येतं. बूट आणि आतली प्लास्टिकची वाटी जळते तिचा धूर वेगळा. झिंकचा मुलामा असेल तर त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. ब्रेक क्लीनर मारून लगेच आर्क लावणारे लोक मी पाहिलेत. क्लोरीनवाल्या क्लीनरपासून तिथे फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. हे तुम्हाला नको असलं तरी मिस्त्रींना सांगाच.

बसवताना टेपर कोरडा, स्वच्छ पुसून घ्या. नट टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या आकड्याला. पिनचं भोक खाचेशी जुळत नसेल तर नट पुढे घट्ट करून जुळवायचा, मागे सैल करून कधीच नाही. स्प्लिट पिन नवी. मग अलाइनमेंट.

राहिले मिस्त्री. ‘मुलगा म्हणतो’ असं सांगू नका. वीस वर्षं लोखंड हाताळलेल्या माणसाला कॉलेजच्या पोराचं नाव सांगून पटवायला गेलात तर संबंध नक्की बिघडेल. लोखंडालाच बोलू द्या. हॅकसॉचं साधं कार्बन स्टीलचं पातं घ्या, बायमेटल नको. त्याचे दोन तुकडे गॅसवर लाल करायला त्यांनाच सांगा. एक राखेत पुरून सावकाश थंड करा, दुसरा लाल असतानाच पाण्यात बुडवा. मग दोघांनी गॉगल घालून, फडक्यात धरून वाकवून बघा. राखेतला तारेसारखा वळतो. पाण्यातला फडक्यात कट्कन मोडतो. पात्यात कार्बन रॉडपेक्षा जास्त असतो, म्हणून फरक ठळक दिसतो, हेही सांगा, नाहीतर तेच तुम्हाला पकडतील. त्यानंतर ‘आपल्या रॉडमध्ये यातलं कुठलं लोखंड आहे?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. नव्या रॉडचं काम त्यांनाच द्या.

जुना रॉड भंगारात टाकण्याआधी मधोमध कापा, नाहीतर कोणीतरी उचलून रंगवून दुसऱ्याच्या गाडीला बसवेल. कापताना वेल्डच्या मण्याला चिकटून, अगदी शेजारी हॅकसॉ लावून बघा. पातं कापायचं सोडून काचेवरून घसरल्यासारखं घसरायला लागलं, तर मिस्त्रींना हाक मारा आणि हॅकसॉ त्यांच्या हातात द्या.